पारोचे विमान वेळेवर का सुटत नाही? भूतानच्या विमानप्रवासामागचे विज्ञान आणि हिशेब

मार्च २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांचा भूतान दौरा २१ तारखेला सुरू व्हायचा होता. आदल्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने तो पुढे ढकलल्याचे जाहीर केले आणि कारण दिले ते पारो विमानतळावरील खराब हवामानाचे. पंतप्रधान २२ मार्चला पारोला उतरले. ज्यांच्या विमानासाठी कुठल्याही विमानतळावर आधी वाट मोकळी केली जाते, त्यांनाही हवा निवळण्याची वाट पाहावी लागली. त्याच पारोला सुट्टीसाठी निघालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचे विमान कोलकात्याला अडकते, तेव्हा मात्र कंपनी लहान आहे, विमाने मोजकी आहेत, तिकीट महाग आहे आणि एवढे करून कारभार ढिसाळ आहे, अशी तक्रार ऐकू येते. यातील पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत. चौथा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो, आणि तो चुकीचा का आहे हे समजण्यासाठी पारोच्या दरीतील हवा, डोंगर आणि इंजिने यांचा थोडा हिशेब मांडावा लागतो.

विमानतळ नेमका आहे कुठे?

भूतान हा चीन आणि भारत यांच्यामध्ये वसलेला, समुद्रकिनारा नसलेला देश आहे. त्याची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत आहे. राजधानी थिंफू असली, तरी विमानतळ तिथे नाही, कारण तिथे धावपट्टीपुरती सपाट जागा नाही. तशी जागा मिळाली ती पारो नदीच्या खोऱ्यात. भारताच्या सीमा रस्ते संघटनेने १९६८ मध्ये तिथे एक छोटी धावपट्टी बांधली आणि सुरुवातीला ती मुख्यतः हेलिकॉप्टरसाठी वापरली जात असे.

आजची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२३५ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्याहूनही जवळपास सहाशे मीटर वर ही धावपट्टी आहे आणि तरीही ती दरीच्या तळाशी आहे, कारण भोवतालची शिखरे साडेपाच हजार मीटरपर्यंत चढत जातात. तिची लांबी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास आहे, तर मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर आहे. समुद्रकाठी सव्वादोन किलोमीटर पुरेसे ठरले असते. इतक्या उंचीवर मात्र तेवढेच अंतर अपुरे पडू लागते.

विरळ हवेने काय बिघडते?

पंखांवरून हवा वेगाने वाहते तेव्हा विमान उचलले जाते. हवा जितकी दाट, तितका आधार अधिक. पारोच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्के असते, आणि तापमान २५ अंश सेल्सियसपर्यंत गेले की ती ७४ टक्क्यांच्या आसपास येते, कारण तापलेली हवा प्रसरण पावते. उष्णतेमुळे धावपट्टी प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक उंचीवर असल्यासारखी विमानाला जाणवते. वैमानिकांच्या भाषेत या जाणवणाऱ्या उंचीला घनता-उंची म्हणतात.

विरळ हवेत तेवढाच आधार मिळवायचा तर विमानाला अधिक वेगाने जावे लागते. समुद्रकाठच्या विमानतळावर ताशी २४० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकणारे विमान पारोला ताशी २७० ते २८० किलोमीटर वेगाने टेकते. फरक किरकोळ वाटेल, पण थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ब्रेकवरचा भार पाव ते एक तृतीयांशाने वाढतो. उड्डाण करतानाही हीच अडचण येते. वेग अधिक गाठायचा असतो, आणि तो देणारी इंजिनेही त्याच विरळ हवेवर चालत असल्यामुळे त्यांचा जोर कमी झालेला असतो.

यावर उपाय एकच उरतो, तो म्हणजे वजन कमी ठेवणे. ‘जागा रिकामी होती, तरी मला तिकीट मिळाले नाही’ किंवा ‘माझी बॅग दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आली’ असे अनुभव ज्यांना आले आहेत, त्यांनी हे लक्षात घ्यावे. आसनांची संख्या विमान बांधणारी कंपनी ठरवते. त्या दिवशी किती भार न्यायचा, हे मात्र तापमान, वारा आणि धावपट्टी ठरवतात. लेहला उन्हाळ्यात गेलेल्या वाचकांना हे नियम ओळखीचे वाटतील. तिथली धावपट्टी तर ३,२५० मीटरहूनही उंचावर आहे.

एक इंजिन बंद पडले तर?

हा प्रश्न प्रवाशाच्या मनात येतो, पण विचारण्याचा धीर होत नाही. विमानसेवा मात्र तो प्रत्येक उड्डाणाआधी विचारते. प्रवासी विमानाच्या नियमांचा पाया असा आहे की, धावपट्टी सोडण्याच्या ऐन क्षणी एक इंजिन बंद पडले, तरी उरलेल्या इंजिनावर विमान सुरक्षित उंची गाठू शकले पाहिजे. मैदानी प्रदेशात हे तुलनेने सोपे असते, कारण हळूहळू चढले तरी समोर काही आडवे येत नाही. पारोत समोर डोंगर आहे, दरी वळणारी आहे आणि विमानाला त्या वळणांतून वाट काढत चढायचे आहे. म्हणून प्रत्येक दिशेसाठी सुटकेचा मार्ग आधीच आखलेला असतो, आणि त्या दिवशीच्या हवेत एका इंजिनावर तो मार्ग जमेल एवढेच वजन घेतले जाते.

भूतानच्या सरकारी विमानसेवेने कोणती विमाने निवडली, तेही यातून उलगडते. राजाज्ञेने १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ड्रुकएअरने फेब्रुवारी १९८३ मध्ये पारो ते कोलकाता हे पहिले उड्डाण केले. त्यासाठी अठरा आसनांचे डॉर्निअर २२८ हे पंख्याच्या इंजिनांचे विमान वापरले होते. जेट विमान आले ते १९८८ मध्ये. ते ब्रिटिश बनावटीचे बीएई १४६ होते, आणि आकाराने लहान असूनही त्याला चार इंजिने होती. चारांतले एक गेले तर जोर पावपट घटतो, दोनांतले एक गेले तर निम्मा घटतो. हा हिशेब पारोसारख्या ठिकाणी जीवनमरणाचा असतो. पुढे २००४ मध्ये एअरबस ए३१९ घेतली, तेव्हा इंजिने पुन्हा दोनच झाली. पण हे ए३२० या प्रचलित विमानाचे आखूड रूप आहे, आणि ड्रुकएअरने त्याचा अधिक ताकदीच्या इंजिनांचा प्रकार घेतला. पंख तेवढेच, धड लहान, इंजिने दमदार, त्यामुळे एका इंजिनावरही चढण्याची क्षमता राखली जाते. ‘गर्दी एवढी असते, तर मोठे विमान का आणत नाहीत?’ या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते. मोठे विमान आणले, तरी त्यातील बऱ्याच जागा पारोहून निघताना रिकाम्या ठेवाव्या लागतील.

यंत्रांच्या भरवशावर का उतरत नाहीत?

मुंबईत जुलैच्या मुसळधार पावसातही विमाने उतरतात. त्यामागे एक यंत्रणा असते. धावपट्टीच्या टोकाशी बसवलेले प्रक्षेपक आकाशात एक सरळ, उतरती रेडिओ-वाट तयार करतात आणि विमान तिच्यावरून खाली येते. या यंत्रणेला आयएलएस म्हणतात. तिला धावपट्टीसमोर कित्येक किलोमीटर सरळ, मोकळे आकाश लागते. पारोत त्याच सरळ रेषेत डोंगर उभा आहे. विमान दरीतून वळणे घेत येते, धावपट्टी शेवटच्या काही क्षणांतच पूर्ण दिसते, आणि अखेरचे वळण जमिनीपासून फारशा उंचीवर नसताना घ्यावे लागते. हे वळण वैमानिक डोळ्यांनी पाहून घेतो. म्हणून पारोत नियमित उड्डाणे सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत होतात, तीही दरी स्वच्छ दिसत असेल तरच. तिथे उतरण्यासाठी वैमानिकाला स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन खास परवानगी मिळवावी लागते, आणि अशी परवानगी असलेले वैमानिक जगात मोजकेच आहेत.

घाटात दाट धुके उतरले, तर एसटीचा चालक गाडी कडेला घेऊन थांबू शकतो. विमानाला थांबता येत नाही. म्हणून त्याचा निर्णय दरीत शिरण्याआधी व्हावा लागतो. डोंगररांगेच्या वर असतानाच वैमानिकाला दरी दिसली नाही, तर तो खाली येतच नाही. थोडा वेळ घिरट्या घालून पाहतो, नाहीतर बागडोगरा, गुवाहाटी किंवा कोलकाता अशा पर्यायी विमानतळाकडे वळतो. त्यासाठी लागणारे इंधन आधीपासून बरोबर असते.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. आता उपग्रह आहेत, मग वळणावळणाची वाट उपग्रहाच्या मदतीने का आखत नाहीत? अशा वाटा आखता येतात, आणि डोंगरांतील काही विमानतळांवर त्या रोज वापरल्या जातात. अलास्का एअरलाइन्सने १९९६ मध्ये जूनो या डोंगर-खाडीतील विमानतळासाठी हे तंत्र वापरून दाखवले. त्यामुळे ढगांतून सुरक्षितपणे किती खाली येता येईल, ही मर्यादा सैल होते. पण उतरणे जमले नाही, तर तिथून एका इंजिनावर परत चढता आले पाहिजे, हा नियम उपग्रहाने बदलत नाही. दरी जितकी अरुंद आणि भिंती जितक्या उंच, तितक्या वरूनच निर्णय घ्यावा लागतो, आणि त्या उंचीपासून पुढचे अंतर शेवटी डोळ्यांनीच काटायचे असते. धावपट्टीवर दिवे लावून रात्रीची उड्डाणे का सुरू करत नाहीत, या प्रश्नालाही हेच लागू होते. दिव्यांनी धावपट्टी दिसेल, पण बाजूचे डोंगर अंधारातच राहतील.

सकाळचीच विमाने का?

दिवस चढतो तसे डोंगरउतार तापतात, त्यांना लागलेली हवा वर सरकते आणि तिची जागा घेण्यासाठी खोऱ्याच्या तोंडाकडून वारा आत घुसतो. दुपारनंतर हा वारा जोरदार आणि लहरी होतो. त्याचे झोत डोंगरांच्या कडांवर आपटून भोवरे तयार करतात. म्हणून उड्डाणे होईल तितकी सकाळी ठेवली जातात. त्याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. सकाळचे धुके उशिरा उठले, तर वाऱ्याआधीचा मोकळा अवधी आखडतो, आणि दोन तासांच्या उशिराचे रूपांतर थेट दुसऱ्या दिवसात होऊ शकते. उन्हाळ्याचे वारे आणि जून ते सप्टेंबरचे ढग यांच्या तुलनेत ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आकाश अधिक विश्वासाचे असते.

एवढे अवघड असेल, तर ते धोक्याचे नाही का?

अवघड आणि धोकादायक यांत फरक आहे, आणि या विषयात तो जपला पाहिजे. १९८३ पासून आजपर्यंत ड्रुकएअरच्या विमानाला प्रवाशाचा जीव घेणारा एकही अपघात झालेला नाही. डोंगर आपोआप माफ करत नाहीत, हे शेजारच्या नेपाळने पाहिले आहे. मे २०२२ मध्ये पोखराहून जोमसोमला निघालेले छोटे विमान मुस्तांगच्या डोंगरात कोसळले आणि त्यातील सर्व २२ जण गेले. त्यांत ठाण्याचे प्रवासीही होते. त्यानंतर आठच महिन्यांत पोखरालाच आणखी एका विमानाच्या अपघातात ७२ जणांचा बळी गेला. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्येच नेपाळच्या सर्व विमान कंपन्यांना बंदीच्या यादीत टाकले होते.

दोन्ही देशांत हिमालय तोच आहे. नेपाळमध्ये उड्डाणे कितीतरी अधिक, कंपन्या अधिक आणि धावपट्ट्याही अधिक दुर्गम आहेत, त्यामुळे सरळ तुलना अन्यायाची होईल. तरीही एक गोष्ट ठामपणे सांगता येते. डोंगराळ प्रदेशातील विमानप्रवासात ‘आज जमणार नाही’ असे म्हणण्याचे स्वातंत्र्य वैमानिकाला असणे, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याच्यावर प्रवाशांचा किंवा मालकाचा दबाव न येणे, हे कुठल्याही यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. काउंटरवरील कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणाऱ्या प्रवाशाला याची कल्पना नसते. तो मागत असतो ते सोयीचे असते, पण त्याच्या हिताचे नसते.

तिकीट एवढे महाग कशामुळे?

विमान उभे असो वा उडत असो, त्याचा हप्ता, विमा, देखभाल आणि कर्मचाऱ्यांचे पगार चालूच असतात. स्वस्त तिकिटांच्या कंपन्या तेच विमान पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पळवतात आणि हा खर्च अनेक फेऱ्यांत वाटून टाकतात. पारोत दिवसाउजेडीच ये-जा करता येत असल्यामुळे फेऱ्या कमी होतात, प्रत्येक फेरीत वजनाच्या मर्यादेमुळे काही जागा विकता येत नाहीत, वैमानिकांचे प्रशिक्षण खर्चिक असते आणि इंधनही भारतातून डोंगररस्त्याने टँकर आणून साठवावे लागते. शिवाय विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मोठ्या कंपनीचे एक विमान दुरुस्तीला गेले, तर दुसरे उभे करता येते. इथे एक विमान थांबले की आठवड्याचे वेळापत्रक हलते.

स्पर्धा वाढली तर भाडे उतरेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. भूतान एअरलाइन्स ही खासगी कंपनी २०१३ पासून आंतरराष्ट्रीय मार्गांवर आहे, आणि त्यामुळे प्रवाशांना निवड मिळाली. परंतु बाहेरच्या मोठ्या कंपनीने दोन-चार फेऱ्यांसाठी वैमानिकांची वेगळी तुकडी तयार करावी, एवढी ही बाजारपेठ नाही. शिवाय भूतान पर्यटकांची संख्या मुद्दाम मर्यादित ठेवतो. भारतीय पर्यटकाला दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते आणि इतर बहुतेक देशांच्या पर्यटकांना १०० अमेरिकी डॉलर. हे शुल्क विमानभाड्याहून वेगळे असते. सहलीचा खर्च काढताना अनेकांची इथे गल्लत होते.

नफा जेमतेम असताना राष्ट्रीय विमानसेवा चालवायचीच कशाला, असेही कोणी विचारेल. समुद्र नसलेल्या, तीन बाजूंनी भारताने आणि चौथ्या बाजूला हिमालयाने वेढलेल्या देशासाठी स्वतःचे विमान हे आजारी माणसाला बँकॉक किंवा कोलकात्याच्या रुग्णालयात नेण्याचे, विद्यार्थ्यांना बाहेर पाठवण्याचे आणि साथीच्या काळात औषधे आणण्याचे साधन असते. दुसऱ्या देशातील कंपनीला मार्ग तोट्याचा वाटला, तर ती तो बंद करून मोकळी होते. भूतानला तसे मोकळे होता येत नाही. म्हणून ड्रुकएअरची मालकी आजही सरकारच्या गुंतवणूक संस्थेकडे, ड्रुक होल्डिंग अँड इन्व्हेस्टमेंट्सकडे आहे.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याने काय करावे?

मुंबई-पुण्याहून जाणारे बहुतेक प्रवासी दिल्ली, कोलकाता, बागडोगरा किंवा गुवाहाटीला विमान बदलतात. पहिले तिकीट एका कंपनीचे आणि पुढचे दुसऱ्या कंपनीचे, असे वेगवेगळ्या पीएनआरवर काढले असेल, तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास कोणतीही कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून जाताना आदल्या रात्रीच त्या शहरात पोहोचावे. परतताना पारोचे विमान आणि घराकडचे विमान यांत एक रात्र ठेवावी. हा मुक्काम अपव्यय वाटतो, पण रद्द झालेल्या उड्डाणानंतर ऐनवेळी काढलेल्या तिकिटाच्या तुलनेत तो स्वस्तच असतो. सामान परवानगीहून कमीच न्यावे, आणि औषधे व एक दिवसाचे कपडे हातातील बॅगेत ठेवावेत. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु किमान सहा महिने वैध असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. भूतानचे घड्याळ आपल्याहून अर्धा तास पुढे असते, हे परतीच्या दिवशी विसरू नये.

ज्यांना तारीख चुकवणे परवडणार नाही, त्यांच्यासाठी रस्ता आहे. बागडोगराहून जयगावमार्गे फुन्त्शोलिंगला भूतानच्या हद्दीत शिरता येते आणि तिथून पारो सुमारे दीडशे किलोमीटर, म्हणजे घाटरस्त्याने चार-पाच तासांवर आहे. पावसाळ्यात दरडी पडतात, त्यामुळे हा मार्गही बिनधोक नाही. माझा सल्ला विचाराल, तर स्वच्छ आकाशाच्या महिन्यांत एकदा तरी विमानाने जावे. दिल्लीहून पारोला जाताना डावीकडची खिडकी मिळाली, तर एव्हरेस्टपासून कांचनजुंगापर्यंतची रांग दिसते.

गेलेफूचा विमानतळ झाल्यावर चित्र बदलेल का?

भूतानच्या राजांनी डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिणेकडील गेलेफू इथे नवे शहर वसवण्याची घोषणा केली, आणि त्याचा भाग म्हणून मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथे आखला आहे. गेलेफू आसामच्या सीमेला लागून, समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरील सपाट पट्ट्यात आहे. तिथे हवा दाट आहे आणि दक्षिणेकडे मोकळे मैदान आहे. म्हणजे पारोला ज्या कारणांनी बांधून ठेवले आहे, त्यांतील बहुतेक कारणे तिथे नाहीत. मोठी विमाने, रात्रीची उड्डाणे आणि थेट लांब पल्ल्याचे मार्ग हे तिथे शक्य होईल. आसामातील कोक्राझारपासून गेलेफूपर्यंत ६९ किलोमीटरचा रेल्वेमार्गही भारताने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे.

पारो, थिंफू आणि पुनाखा पाहायला निघालेल्या पर्यटकाला मात्र गेलेफूला उतरून पुन्हा डोंगर चढावे लागतील. ते अंतर रस्त्याने दिवसभराचे आहे. देशांतर्गत विमान घ्यायचे ठरवले, तरी ते शेवटी त्याच दरीत, त्याच उजेडात आणि त्याच वाऱ्याच्या आधी उतरवावे लागेल.